दीडशे किलोचा प्रश्न

या महिन्यात एका सिनेमाबद्दल लिहायचे ठरवले आहे. सिनेमाचे नाव 'स्टोन ऑफ डेस्टिनी'. २००८ साली आलेला, फार गाजलेला नाही. दिग्दर्शक चार्ल्स मार्टिन स्मिथ. यात नायकाचे काम करणारा चार्ली कॉक्स पुढे 'डेअरडेव्हिल' म्हणून मुलांच्या ओळखीचा झाला. घरातल्या मुलांना सिनेमासमोर बसवायचे असेल तर ही एक ओळख उपयोगी पडते, आम्ही तिचाच वापर केला. सिनेमात मारधाड नाही, घाणेरडे काही नाही. पोलिसाला चकवण्यासाठी एक मुलगा आणि मुलगी प्रेमिकांचे सोंग घेतात, तेवढा एक प्रसंग आहे आणि तो खराच घडलेला आहे. अम्मी-अब्बा, आजी, मुले सगळ्यांनी मिळून पाहावा असा सुमारे दीड तासाचा हा सिनेमा आहे.

गोष्ट आहे एका दगडाची. स्कॉटलंडमध्ये पर्थ गावाजवळ स्कून नावाची जागा आहे. तिथे एक तांबूस वालुकाश्माचा दगड होता, साधारण सव्वादोन फूट लांब, वजन १५२ किलो. ना त्यावर नक्षी, ना रत्न. पण स्कॉटलंडचे राजे त्यावर बसून राजे होत. १२९६ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडवर चालून गेला आणि हा दगड लंडनला घेऊन आला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या मोठ्या चर्चमध्ये ठेवण्यासाठी त्याने लाकडी सिंहासन करवून घेतले आणि दगड त्याच्या बैठकीखाली बसवला. अर्थ सरळ होता. इथून पुढे जो इंग्लंडचा राजा होईल, तो स्कॉटलंडवर बसूनच होईल.

या दगडाबद्दल एक कथा आहे, ती आपल्या वाचकांना ऐकायला आवडेल. बायबलमध्ये येते की हजरत याकूब (अलै.) प्रवासात एका रात्री दगड उशाशी घेऊन झोपले आणि त्यांना आकाशापर्यंत गेलेल्या शिडीचे स्वप्न पडले. तोच हा दगड, फिरत फिरत मिसर, स्पेन, आयर्लंडवरून स्कॉटलंडला आला, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. भूगर्भशास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा दगड स्कूनच्याच आसपासच्या खाणीतला निघाला. म्हणजे शाम आणि फिलिस्तीनचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण गंमत अशी की या शोधाने स्कॉटिश लोकांचे काही बिघडले नाही. दगड बाहेरून आलेला नाही, आपल्याच मातीचा आहे, हे कळल्यावर उलट त्यांचा दावा पक्काच झाला!

आता १९५० सालात येऊ. दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे झालेली. स्कॉटलंडचे स्वतःचे पार्लमेंट १७०७ साली बंद होऊन लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाले होते. आम्हाला ब्रिटनमध्येच राहायचे आहे, पण घरचा कारभार पाहायला आमचे पार्लमेंट द्या, एवढीच मागणी घेऊन जॉन मॅककॉर्मिक नावाच्या वकिलाने १९४९ साली एक जाहीरनामा काढला आणि त्यावर सह्या गोळा केल्या. सुमारे वीस लाख सह्या झाल्या. देशाची वस्ती पन्नास लाखांच्या आसपास. लंडनने त्या सह्यांची दखलसुद्धा घेतली नाही. सिनेमात मॅककॉर्मिकचे काम रॉबर्ट कार्लाइलने केले आहे, आणि त्याच्या थकलेल्या डोळ्यांत वीस लाख सह्यांचे ओझे दिसते. आमच्या मते सगळ्या सिनेमात सर्वांत चांगले काम त्याचेच आहे.

अशा वेळी ग्लासगो विद्यापीठातला कायद्याचा एक विद्यार्थी, इयन हॅमिल्टन, वय २५, याच्या डोक्यात येते की दगड परत आणायचा. सोबतीला गॅव्हिन व्हर्नन आणि अ‍ॅलन स्टुअर्ट हे दोन तरुण, आणि के मॅथसन ही बावीस वर्षांची मुलगी. के गृहशास्त्र शिकवणारी शिक्षिका होती आणि तिची मातृभाषा गेलिक. गेलिक बोलली म्हणून शाळेत मार खाल्लेल्या मुलांच्या पिढ्या त्या देशात झाल्या आहेत. दोन भाषांतून शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना के मॅथसन या चौघांत सर्वांत जवळची वाटली, याचे कारण तेच असावे.

नाताळच्या सुट्टीत हे चौघे दोन जुनाट फोर्ड अँग्लिया गाड्या घेऊन कडाक्याच्या थंडीत लंडनला निघाले. पहिला बेत साफ फसला. इयन संध्याकाळी अ‍ॅबेमध्ये एका ढकलगाडीखाली लपून बसला आणि रात्रीच्या पहारेकऱ्याने त्याला शोधून काढले. पहारेकऱ्याला वाटले, बिचारा चुकून आत कोंडला गेला. त्याने पोरगे भुकेकंगाल दिसते म्हणून पैसे हवेत का विचारले आणि सोडून दिले. या प्रसंगावर आमच्या घरात हशा पिकला. पण आम्हाला तो पहारेकरी लक्षात राहिला. पुढच्याच रात्री त्या भल्या माणसाच्या पहाऱ्यातून दगड गेला, आणि सिनेमा त्याच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही.

२५ डिसेंबरच्या पहाटे, अंधारात, तिघे तरुण बाजूचे दार उचकटून आत शिरले. दगड सिंहासनातून ओढला आणि तो जमिनीवर येताच त्याचे दोन तुकडे झाले. सिनेमातला हा क्षण विसरता येत नाही. साडेसहाशे वर्षे ज्याची वाट पाहिली, ते हाती येताच मोडले. (१९१४ साली मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांच्या चळवळीतल्या कोणी त्या सिंहासनापाशी बॉम्ब उडवला होता. दगडाला तडा तेव्हाच गेला असावा, असे अनेकांचे म्हणणे आहे.) लहान तुकडा, तोही चाळीस किलोच्या वरचा, इयनने उचलून केच्या गाडीत टाकला. तेवढ्यात समोरून पोलीस शिपाई आला. इयन आणि केने एकमेकांना मिठी मारली. शिपाई थांबला, दोन गोष्टी बोलला, सिगारेट ओढली, आणि आत त्या वेळी दुसरा तुकडा फरशीवरून सरकतच होता!

मोठा तुकडा त्यांनी इयनच्या कोटावर ठेवून ओढत आणला होता. गाडीच्या किल्ल्या त्याच कोटाच्या खिशात होत्या आणि त्या ओढाओढीत पडल्या. मग काड्या ओढून त्या अंधारात शोधणे आले. इकडे के एकटीच आपली गाडी घेऊन निघाली. वाटेत सिग्नलला थांबली असता डिकी उघडून दगड भर रस्त्यात पडला आणि तिने तो एकटीने उचलून पुन्हा आत टाकला, असा किस्सा सांगतात. मोठा तुकडा केंटमधल्या एका मोकळ्या जागी लपवला, लहान तुकडा बर्मिंगहॅमकडे एका परिचिताकडे ठेवला. पोलिसांनी इंग्लंड-स्कॉटलंडची हद्द रोखून धरली. चारशे वर्षांत असे पहिल्यांदा झाले म्हणतात. पंधरवड्यानंतर मोठा तुकडा घ्यायला गेले तर त्या जागी जिप्सींचा तळ पडलेला! त्यांच्याशी बोलून, त्यांच्या परवानगीने दगड बाहेर काढला. स्वतःचे घर नसलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या देशाचा दगड मुकाट्याने जाऊ दिला. सिनेमावाल्यांनी हा प्रसंग रचला असेल असे वाटते, पण तो खरा आहे.

खैर. इथपर्यंत ही साहसकथा आहे. आम्ही ती आमच्या दहावीच्या वर्गात सांगितली आणि तिथे मामला गंभीर झाला.

एका मुलाने म्हटले, "आपलीच चीज आपण उचलली तर ती चोरी कशी?" वर्गाने बाके वाजवली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नाही, उठून म्हणाली, "मग सातशे वर्षांनी कोणीही उठेल आणि म्हणेल, हे माझ्या आजोबांचे होते, आणि रात्री दार फोडेल. तेही बरोबर का?"

वर्ग गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही. आपल्या देशात या प्रश्नाला किती धार आहे, हे वाचकांना सांगायला नको. 'पूर्वी हे आमचे होते' एवढ्या एका वाक्यावर काय काय घडते, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि मुलेही वाचतात. त्यामुळे इयन हॅमिल्टनला टाळ्या वाजवून सोडून देणे शिक्षकाला परवडत नाही. तो हिरो असेल तर का, हे सांगता आले पाहिजे.

मग आम्ही दोन तास याच विषयावर घालवले. अभ्यासक्रम थोडा मागे पडला तर पडू दे.

पहिली गोष्ट म्हणजे हा दावा ऐकीव नव्हता. दगड एडवर्डने नेला हे इंग्लंडलाही मान्य होते, त्याने तर ते मिरवलेच होते. पुढे १३२८ साली इंग्लंडच्याच राजाने दगड परत द्या असा हुकूम काढला होता, अ‍ॅबेने तो पाळला नाही. म्हणजे कोणाचा, याबद्दल वाद नव्हता. परत कधी, एवढाच वाद होता. उर्दूत आपण अमानत म्हणतो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे हे कबूल करायचे आणि द्यायची मात्र नाही, याला काय म्हणावे, ते मुलांना आम्ही विचारले आणि त्यांना उत्तर चटकन सापडले.

पण याने सगळे सुटत नाही. अ‍ॅबे हे प्रार्थनेचे ठिकाण आहे, आणि रात्र त्यांच्या सणाची होती. इबादतगाहचे दार फोडणे आमच्या मनाला पटत नाही, मग कारण काहीही असो. सिनेमा यावरून घाईघाईने पुढे जातो. अ‍ॅबेच्या डीनने रेडिओवरून दगड परत करा अशी विनवणी केली, राजा सहावा जॉर्ज दुखावला गेला, हे त्या काळच्या नोंदींत आहे. इंग्लंडमधल्या साध्या भाविक माणसांनाही वाईट वाटले असणार. त्या माणसांनी एडवर्डला पाठवले नव्हते.

त्यानंतर या चौघांनी काय केले, ते आम्हाला दार फोडण्यापेक्षा मोठे वाटते. दगड त्यांनी कोणाच्या घरात ठेवला नाही, विकला नाही, त्यावर बसून कोणाला राजा केले नाही. राजाला उद्देशून त्यांनी एक अर्ज लिहिला आणि तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ठेवून आले. त्यात त्यांनी राजाशी आपले वैर नाही असे लिहिले होते. ग्लासगोतले नगरसेवक बर्टी ग्रे हे धंद्याने पाथरवट, थडग्यांचे दगड घडवणारे. त्यांनी दोन्ही तुकडे पितळी सळ्यांनी जोडले आणि आत एक चिठ्ठी घातली. मग ११ एप्रिल १९५१ रोजी दगड निळ्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळून आर्ब्रोथच्या पडक्या अ‍ॅबेमध्ये, जिथे वेदी असे त्या जागी, ठेवला गेला. १३२० साली याच आर्ब्रोथहून स्कॉटलंडच्या सरदारांनी आपले स्वातंत्र्य मान्य करावे म्हणून पोपला पत्र पाठवले होते. पोलीस आले आणि दगड लंडनला घेऊन गेले.

म्हणजे ज्यासाठी एवढे केले, तो दगड त्यांनी चार महिन्यांत स्वतःहून सोडून दिला. इथे वर्गातला तो पहिला मुलगा चिडला. "मग फायदा काय झाला?" आम्ही त्याला विचारले, वीस लाख सह्यांचा काय झाला होता? त्यावर तो बराच वेळ विचार करत बसला.

पोलिसांनी इयनला कसे हेरले, हे तर प्रत्येक शाळेत सांगावे असे आहे. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेवरची पुस्तके कोणी कोणी मागवली, त्या चिठ्ठ्या त्यांनी तपासल्या. त्यावर इयनचे नाव! साहेब दरोडा घालण्याआधी नीट अभ्यास करून गेले होते. आमच्या शाळेच्या ग्रंथपालांना हा किस्सा इतका आवडला की ते आता प्रत्येक मुलाकडून रजिस्टरवर ठळक अक्षरात नाव लिहून घेतात.

चौघेही सापडले, चौकशी झाली, पण खटला झाला नाही. ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल सर हार्टली शॉक्रॉस यांनी पार्लमेंटमध्ये या कृत्याची कडक निंदा केली आणि तरी सांगितले की खटला भरणे लोकहिताचे होणार नाही. यामागे शहाणपण होते तसा हिशोबही असावा, असे आम्हाला वाटते. कोर्टात चोरी सिद्ध करायची तर मूळ मालक कोण, हा प्रश्न आधी आला असता. तो प्रश्न उघड्या न्यायालयात कोणाला नको होता.

सिनेमा साधारण इथे संपतो. इयनच्या पुढच्या आयुष्याला तो हात घालत नाही, आणि आम्हाला वाटते तेच वर्गात सांगायला जास्त उपयोगाचे आहे. १९५३ साली राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक त्याच दगडावर झाला. राणीने 'दुसरी' हा आकडा घेतला, कारण इंग्लंडमध्ये आधी एक एलिझाबेथ होऊन गेली होती. पण स्कॉटलंडमध्ये झालीच नव्हती! मॅककॉर्मिक आणि इयन हॅमिल्टन हे दोघे एवढ्या एका आकड्यासाठी एडिंबराच्या कोर्टात गेले. या वेळी दार उचकटायची पहार नव्हती, वकिलाचा अर्ज होता. खटला ते हरले. पण निकाल देताना न्यायमूर्ती लॉर्ड कूपर यांनी म्हटले की पार्लमेंट सर्वशक्तिमान असते हे तत्त्व इंग्लंडचे आहे, स्कॉटलंडच्या घटनेत त्याला मूळ नाही. हरलेल्या खटल्यातले ते शेरे आजही तिथे कायद्याच्या वर्गात शिकवले जातात. आणि स्कॉटलंडमधल्या टपालपेट्यांवर तेव्हापासून राणीचा आकडा न घालता नुसता मुकुट घालू लागले. इयन पुढे नामांकित वकील झाला. २०२२ साली, ९७व्या वर्षी वारला. केने गावाकडे जाऊन मुलांना गेलिक शिकवली.

दगड परत आला तो १९९६ साली. पंतप्रधान जॉन मेजर यांनी जुलैत घोषणा केली आणि ३० नोव्हेंबरला, स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूच्या दिवशी, तो एडिंबराच्या किल्ल्यात मिरवत नेला. के मॅथसन त्या वेळी तिथे हजर होती. आता इथे एक मेख आहे. दगड परत दिला खरा, पण मालकी राजघराण्याचीच ठेवून, आणि राज्याभिषेकाच्या वेळी तो लंडनला पाठवायचा या अटीवर. हे वाचून आम्हाला आपल्या साताऱ्याची आठवण झाली. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडची वाघनखे तिथल्या संग्रहालयात आली, तीन वर्षांसाठी, उसनी. लोकांनी रांगा लावल्या. टिपू सुलतानांचा तो लाकडी वाघ, जो गोऱ्या शिपायावर झेपावलेला आहे, तोही त्याच म्युझियममध्ये आहे आणि तो उसनाही आलेला नाही. देणाऱ्याने 'उसने' म्हणायचे आणि घेणाऱ्याने 'परत आले' म्हणायचे, अशी ही तडजोड असते. तिला नाक मुरडावे असे आम्हाला वाटत नाही. नातवंडांना काचेतून का होईना, दाखवता येते. पण मुलांना पाटीवरचा 'उसने' हा शब्द वाचायला शिकवले पाहिजे.

वर्गातल्या त्या मुलीने नंतर तासाभराने आणखी एक प्रश्न विचारला. दगड गेला तर देश जातो का? आम्ही तिला स्कॉटलंडचे साल सांगितले. १९९७ साली तिथे सार्वमत झाले आणि १९९९ साली, जवळजवळ तीनशे वर्षांनी, त्यांचे पार्लमेंट पुन्हा भरले. ते दगडाने आणले नाही, मतपेटीने आणले. पण मॅककॉर्मिकच्या वीस लाख सह्या आणि ती नाताळची पहाट नसती तर मतपेटीपर्यंत गोष्ट गेली असती का, यावर वर्गात दोन तट पडले आणि घंटा झाली. मधल्या सुट्टीतही भांडण चालूच होते, डबे उघडायचे राहिले.

मे २०२३ मध्ये राजे तिसरे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी दगड पुन्हा लंडनला गेला. या वेळी पोलीस त्याच्या मागे नव्हते, सोबत होते. त्याच समारंभात राणी कॅमिला यांनी कोहिनूर जडवलेला मुकुट घालायचे टाळले, हेही वाचकांना आठवत असेल. जाण्यापूर्वी दगडाची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा त्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा दिसल्या, ज्या आधी कोणाच्या नजरेत आल्या नव्हत्या. सातशे वर्षे राजे त्यावर बसत होते, वाकून पाहायला कोणाला सवड होती!

समारंभ आटोपून तो ठरल्याप्रमाणे परत आला आणि मार्च २०२४ पासून पर्थच्या नव्या म्युझियममध्ये आहे, स्कूनपासून दोन-तीन मैलांवर. आपले कोणी नातेवाईक ग्लासगो-एडिंबराकडे नोकरीला असतील तर त्यांना सांगा, बघायला पैसे पडत नाहीत.